ओढ्याच्या गाळातून सोन्याचा माग: नमुना कुठला, किती आणि कोणत्या चाळणीचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. सुमारे ३०० चौरस किलोमीटरच्या डोंगराळ क्षेत्रात सोन्याचा प्राथमिक शोध घ्यायचा आहे. पूर्वीच्या एका सर्वेक्षणात ओढ्यांचा गाळ ८० मेशच्या चाळणीतून चाळून त्यातल्या ३० ग्रॅमचं फायर अ‍ॅसे (नमुना शिशाबरोबर वितळवून त्यातलं सोनं वेगळं काढून मोजण्याची चाचणी) केलं होतं. एका जागी ३१० पीपीबी (अब्ज भागांत ३१० भाग) सोनं आलं. त्याच जागेवरून पुन्हा नमुना घेतला तर ५ पीपीबीच्याही खाली. मग प्रयोगशाळा चुकली का? आणि आता नव्याने करायचं तर पॅनिंग करावं (पसरट थाळीत गाळ धुऊन जड कण वेगळे करावेत), बारीक गाळ घ्यावा, की बीएलईजी, म्हणजे मोठा नमुना सायनाइडमध्ये घोळवून विरघळलेलं सोनं मोजण्याची पद्धत, वापरावी?

प्रयोगशाळा बहुधा चुकलेली नाही. दोन्ही आकडे खरे असू शकतात, आणि ते का हे समजलं की बाकीच्या प्रश्नांची उत्तरं बरीचशी त्यातूनच निघतात.

सोन्याची घनता १९.३, म्हणजे पाण्याच्या १९.३ पट. मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा, म्हणजे १०० मायक्रॉन व्यासाचा गोल कण घेतला तर त्याचं वजन सुमारे १० मायक्रोग्रॅम भरतं. असा एकच कण ३० ग्रॅम गाळात पडला की निकाल येतो जवळपास ३४० पीपीबी. ८० मेशची चाळणी साधारण १८० मायक्रॉनपर्यंतचे कण खाली सोडते, त्यामुळे हा कण त्यातून सहज जातो. म्हणजे तुमचे ३१० पीपीबी हे बहुतेक एका कणाचं वजन आहे. दुसऱ्या वेळी तो कण त्या ३० ग्रॅममध्ये आला नाही, एवढंच घडलं.

आता हाच हिशेब उलट्या बाजूने करा. त्या ओढ्याच्या गाळात सरासरी ५ पीपीबी सोनं आहे आणि ते सगळं १०० मायक्रॉनच्या कणांत आहे असं धरा. एक पीपीबी म्हणजे एका टनात एक मिलिग्रॅम. तेव्हा दोन किलो गाळात सरासरी एक कण येईल. ३० ग्रॅमच्या वाट्यात तो सापडण्याची शक्यता साठ-सत्तरात एक. तेवढे वाटे तपासले तर एकाचा निकाल साडेतीनशेच्या आसपास येईल आणि बाकीचे सगळे शोधमर्यादेच्या, म्हणजे चाचणीला ओळखता येणाऱ्या किमान प्रमाणाच्या, खाली जातील. खरं मूल्य ५ आहे, पण ते एकाही निकालात दिसणार नाही. यालाच आपल्या क्षेत्रात नगेट इफेक्ट म्हणतात. नमुना दळूनही यातून फारशी सुटका होत नाही, कारण सोनं ठिसूळ नाही. गिरणीत क्वार्ट्झचा भुगा होतो, सोनं मात्र चपटं होतं, पसरतं, भांड्याला चिकटतं.

म्हणून सोन्याच्या बाबतीत नमुन्याचं वजन हा प्रश्न खरं तर कणांच्या संख्येचा आहे. क्लिफ्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेसाठी १९६९ मध्ये हे गणित मांडलं. नमुन्यात सोन्याचे किमान २० कण अपेक्षित असतील एवढा तो मोठा असावा, म्हणजे निकाल साधारण ५० टक्के इकडे-तिकडे या मर्यादेत राहतो. ही काही फार कडक अट नाही. तरीही नेहमीच्या पद्धतीत ती क्वचितच पाळली जाते.

याच गणितात ५ पीपीबीच्या गाळासाठी आकडे घालून पाहा. कण १०० मायक्रॉनचे असतील तर २० कणांसाठी ४० किलो गाळ लागेल. ३० मायक्रॉनचे असतील तर एक किलोच्या थोडं वर. १० मायक्रॉनचे असतील तर फक्त ४० ग्रॅम. व्यास एक-तृतीयांश झाला की वजन सत्ताविसाव्या भागावर येतं, त्यामुळे कणाच्या आकाराचा परिणाम असा अफाट होतो. पद्धत निवडताना पहिला प्रश्न म्हणून हाच विचारायचा: माझ्या भागातलं सोनं किती जाड आहे? हे ठाऊक नसेल तर आधी काही मोजक्या ठिकाणी प्रायोगिक पाहणी करा. मोठा नमुना घ्या, तो वेगवेगळ्या चाळण्यांतून चाळून चार-पाच भाग करा, प्रत्येक भागाचं सोनं वेगळं मोजा आणि पॅनमध्ये दिसणाऱ्या कणांचे आकारही टिपा. क्षेत्रात एखादी माहीत असलेली शीर (खडकातली सोनं असलेली पट्टी) किंवा जुनी खाणीची जागा असेल तर तिच्या खालच्या ओढ्यावर हे करा आणि जोडीला एका खात्रीने कोऱ्या, म्हणजे सोनं नसलेल्या, ओढ्यावरही. या पाहणीचा खर्च एकूण मोहिमेच्या मानाने किरकोळ असतो. घाईत हीच पायरी गाळली जाते आणि मग वर्षभर संशयास्पद आकड्यांशी झुंजावं लागतं.

चाळणीचा प्रश्न इथेच सुटतो. बारीक भाग, म्हणजे ७५ मायक्रॉनच्या खालचा, निवडला की जाड कण आपोआप बाहेर राहतात आणि त्याच वजनात कणांची संख्या वाढते. निकाल स्थिर होतात. याला दुसरं कारण पाण्याचं आहे, आणि ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

ओढा गाळ नुसता वाहून नेत नाही, तो वेचतोही. मोठ्या पुरात पात्रातली खडी हलते. खडीच्या फटींत जाड सोनं आणि मॅग्नेटाइटसारखी जड खनिजं अडकतात, हलकी वाळू पुढे निघून जाते. त्यामुळे वाळू-खडीच्या दांड्याच्या वरच्या टोकाला, प्रवाह जिथे त्यावर प्रथम आदळतो तिथे, जाड सोनं साठतं. त्याच दांड्याच्या शेपटीला, काही मीटरवर, तेच सोनं कितीतरी कमी असू शकतं. हा फरक डोंगरातल्या शिरेमुळे पडलेला नसतो, पाण्याच्या वेगामुळे पडलेला असतो. त्याहून गोंधळाची गोष्ट म्हणजे उतार कमी होत जातो तसं जाड सोन्याचं प्रमाण ओढ्याच्या खालच्या अंगाला वाढलेलंही दिसू शकतं. म्हणजे आकडे वाढत गेले म्हणून मूळ जवळ आलं असं धरून चालणारा माणूस नेमका उलट्या दिशेला जाईल.

बारीक सोन्याला हा त्रास कमी. संथ पाण्यात खाली बसताना सोन्याचा बारीक कण त्याच्या सुमारे तिप्पट व्यासाच्या क्वार्ट्झ कणासारखा वागतो. म्हणजे ३० मायक्रॉनचं सोनं १०० मायक्रॉनच्या साध्या वाळूबरोबर प्रवास करतं. ते गाळात बऱ्यापैकी समप्रमाणात मिसळतं आणि जागा पाच-दहा मीटर इकडे-तिकडे झाली तरी निकाल कोलमडत नाही. प्रादेशिक नकाशा करायचा असेल, ओढ्या-ओढ्यांची तुलना करायची असेल, तर मी डोळे झाकून बारीक भागाच्या बाजूने उभा राहीन.

मग पॅनिंगला अर्थ नाही का? आहे, मोठा आहे, पण त्याचं काम वेगळं आहे. त्यासाठी जागाही वेगळी लागते. हे दोन नमुने एकाच खड्ड्यातून घेणं ही फार सर्रास दिसणारी चूक.

बारीक गाळाचा नमुना चालू पात्रातून घ्या. पाणी जिथे मंदावतं, दगडांच्या आडोशाला चिखलट वाळू बसते, अशा जागा शोधा आणि २० ते ५० मीटर लांबीच्या पट्ट्यातून पाच-दहा ठिकाणचा गाळ एकत्र करा. एकाच ठिकाणी खोल खणू नका. काठाची ढासळलेली माती टाळा, कारण ती फक्त त्या काठाची गोष्ट सांगते, वरच्या पाणलोटाची नाही. कुजका पालापाचोळा टाळा. पॅनचा नमुना मात्र मुद्दाम सापळ्यातून घ्यायचा: दांड्याचं वरचं टोक, मोठ्या धोंड्याखालची खडी, प्रवाहाला आडव्या गेलेल्या खडकाच्या भेगा, वळणाची आतली बाजू, आणि सगळ्यात चांगलं म्हणजे खडी थेट तळच्या खडकावर टेकते ती जागा. तिथे खडीचा शेवटचा थर आणि भेगांतली माती चमच्याने खरवडून घ्या. एक मात्र पाळा, प्रत्येक ठिकाणी सारख्याच प्रकारचा सापळा आणि सारखंच आकारमान. १० लिटर ठरवले तर सगळीकडे १० लिटर, तेही एकाच जाळीतून चाळल्यानंतर मोजलेले. एका ठिकाणी खडकाची भेग आणि दुसऱ्या ठिकाणी उघडी वाळू असेल तर त्या दोन आकड्यांची तुलना करून हाती काही लागत नाही.

पॅनची ताकद कणांच्या निरीक्षणात आहे. कण डोळ्यांनी मोजा, भिंगाखाली बघा, सुईच्या टोकाने वेगळे करून ठेवा. मुळापासून फार दूर न आलेला कण वेडावाकडा असतो, त्याला काटे-कंगोरे असतात, कधी क्वार्ट्झचा तुकडा अजून चिकटलेला असतो. जसजसा प्रवास वाढतो तसे कंगोरे मोडतात, कडा दुमडतात, कण चपटा आणि गुळगुळीत होतो. एका ओढ्यात सगळे कण गुळगुळीत आणि शेजारच्या ओढ्यात पाचच कण, पण पाचही कंगोरेदार, असं असेल तर मी आधी दुसऱ्या ओढ्यात चढेन. कणाचा आतला भाग सूक्ष्मदर्शकी विश्लेषणाने तपासला तर सोन्यातली चांदी, कधी पारा किंवा तांबंही कळतं आणि वेगवेगळ्या मुळांचे कण वेगळे काढता येतात. कडेला चांदी कमी झालेली असते, म्हणून मोजमाप गाभ्यात घ्यावं लागतं. पॅनमधली इतर खनिजंही वाया घालवू नका. शीलाइट (टंगस्टनचं खनिज) अतिनील दिव्याखाली निळसर-पांढरा चमकतो, सिनाबार (पाऱ्याचं खनिज) लाल दिसतो, आर्सेनोपायराइट आणि पायराइट ताजे असतील तर मूळ फार लांब नाही.

पॅनची मर्यादाही स्पष्ट आहे. १०० मायक्रॉनच्या खालचं सोनं कुशल हातांतूनही निसटू लागतं, आणि हात बदलला की किती निसटतं तेही बदलतं. ज्या साठ्यात सोनं मुळातच अदृश्य आकाराचं आहे, पायराइटच्या जाळीत अडकलेलं आहे, तिथे पॅन रिकामा येईल आणि खाली मोठा साठा असेल. म्हणून पॅनमध्ये काही आलं नाही एवढ्यावर पाणलोट कधीही बाद करू नका.

आता बीएलईजी. यात मोठा नमुना, साधारण अर्धा ते पाच किलो, प्रयोगशाळेत सायनाइडच्या द्रावणात घोळवतात आणि विरघळलेलं सोनं मोजतात. सगळाच नमुना विश्लेषणात जात असल्याने कणांच्या संख्येची अडचण बरीच दूर होते, आणि शोधमर्यादा ०.१ पीपीबी किंवा त्याखालीही नेता येते. पद्धत १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ऑस्ट्रेलियात आकाराला आली आणि दमट, घनदाट जंगलाच्या डोंगराळ बेटांवर फार उपयोगी ठरली. इंडोनेशियातल्या सुंबावा बेटावरचा बातू हिजाउ हा तांबं-सोन्याचा प्रचंड साठा न्यूमाँट कंपनीला १९९० मध्ये सापडला, तोही प्रादेशिक पातळीवर ओढ्यांचा गाळ तपासत जाऊन.

शोधमर्यादा इतकी खाली हवी कशाला, असं विचारलं जातं. पृथ्वीच्या वरच्या कवचात सोनं सरासरी दीड पीपीबीच्या आसपास आहे. तुमची पद्धत ५ पीपीबीच्या खाली काहीच बघू शकत नसेल तर पार्श्वमूल्य (सगळीकडे असणारं नेहमीचं प्रमाण) दिसतच नाही आणि ३ पीपीबीची खरी अ‍ॅनॉमलीही (नेहमीपेक्षा वाढलेलं प्रमाण) दिसत नाही. चीनने १९७० च्या दशकाच्या अखेरीस देशव्यापी भूरासायनिक नकाशे करायला घेतले तेव्हा सोन्याची शोधमर्यादा १ पीपीबीच्या खाली आणण्यावर मुद्दाम मेहनत घेतली. पुढे त्या नकाशांच्या आधारे सोन्याचे अनेक साठे सापडले.

सायनाइडला सगळंच सोनं दिसतं असं मात्र नाही. क्वार्ट्झ किंवा सल्फाइडच्या आत बंद असलेल्या सोन्यापर्यंत द्रावण पोचत नाही. जाड कण ठरलेल्या वेळात पूर्ण विरघळत नाहीत. गाळात सेंद्रिय कार्बन भरपूर असेल तर विरघळलेलं सोनं तो परत शोषून घेतो आणि निकाल खोटा कमी येतो. विद्राव्य तांबं सायनाइड खाऊन टाकतं. म्हणून काही नमुन्यांच्या उरलेल्या चोथ्याचं फायर अ‍ॅसे करून किती सोनं मागे राहिलं हे तपासा. सायनाइडचं काम फक्त सुसज्ज प्रयोगशाळेतच व्हावं, द्रावणाचा सामू १० च्या वर ठेवून. ओढ्याकाठी, छावणीत, बादलीत अजिबात नाही.

माझी पसंती विचाराल तर ७५ मायक्रॉनखालचा बारीक गाळ आणि त्यावर बीएलईजी. वेगवान डोंगरी ओढ्यांत हा बारीक भाग फार थोडा असतो, म्हणून पात्राकाठीच ओलं चाळावं लागतं. बादलीवर चाळणी ठेवून ओढ्याच्याच पाण्याने गाळ धुवायचा, गढूळ पाणी साठवायचं, गाळ बसवायला किंचित फ्लॉक्युलंट घालायचं, तासाभराने वरचं निवळ ओतून द्यायचं. घाई करून गढूळच ओतून दिलं तर तुम्ही नेमकं तेच फेकता ज्यासाठी आलात. जिथे ओढ्यांत बारीक गाळ टिकतच नाही तिथे दगडांवर वाढलेलं शेवाळ कामी येतं. पुराच्या वेळी पाण्याखाली जाणारा शेवाळाचा गालिचा बारीक गाळ आणि सोनं पकडून ठेवतो. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर, व्हँकूव्हर बेटावर, हे नमुने पद्धतशीरपणे वापरले गेले आहेत. शेवाळ वाळवायचं, चुरायचं, चाळायचं.

बारीक भाग सगळीकडे बरोबर असतो असंही समजू नका. वाळवंटी प्रदेशात वाऱ्याने आणलेली बारीक वाळू कोरड्या पात्रात मिसळते आणि स्थानिक खडकाची खूण पातळ करते. अरबस्तानातल्या प्राचीन खडकांच्या प्रदेशात म्हणूनच १० ते ३० मेशमधला, म्हणजे साधारण २ ते ०.६ मिलिमीटरचा जाड भाग वापरला गेला.

जागांची आखणी नकाशावर आधी करा. एक साधं समीकरण इथे फार उपयोगी पडतं, ते हॉक्स यांनी १९७६ मध्ये मांडलं. पाणलोटाचं क्षेत्रफळ गुणिले गाळातलं पार्श्वमूल्याच्या वरचं प्रमाण हे खनिजयुक्त भागाचं क्षेत्रफळ गुणिले तिथल्या मातीतलं पार्श्वमूल्याच्या वरचं प्रमाण याच्या बरोबर असतं. धरा की डोंगरावर ०.२ चौरस किलोमीटर भागातल्या मातीत सरासरी २०० पीपीबी सोनं आहे आणि बाकी सगळीकडे २ पीपीबी. पाणलोट २ चौरस किलोमीटरचा असेल तर गाळात सुमारे २२ पीपीबी मिळतील. १० चौरस किलोमीटरचा असेल तर ६. आणि ५० चौरस किलोमीटरचा असेल तर २.८, म्हणजे पार्श्वमूल्यापासून ओळखूही न येणारे. हे समीकरण सगळीकडे झीज सारखी आणि गाळ नीट मिसळलेला असं धरून चालतं, त्यामुळे ते बारीक भागाला बरंच लागू पडतं आणि जाड सोन्याला फारसं नाही. तरी नमुन्यांमधलं अंतर ठरवायला याहून चांगला आधार नाही. तुम्हाला शोधायचा साठा किती लहान असला तरी चालेल हे आधी ठरवा, मग तो दिसण्यासाठी पाणलोट किती लहान हवेत ते याच समीकरणातून निघतं.

तुमच्या ३०० चौरस किलोमीटरसाठी मी पहिल्या आणि दुसऱ्या श्रेणीच्या, म्हणजे उगमाजवळच्या लहान, ओढ्यांवर ३ ते ५ चौरस किलोमीटरला एक अशा जागा धरीन, म्हणजे ६० ते १००. मोठ्या नदीच्या मुख्य पात्रावर वेळ घालवू नका, तिथे सगळं पातळ झालेलं असतं आणि जुने गाळाचे थर पुन्हा उकरले जात असतात. संगमाजवळ नमुना घेताना उपनदीत इतकं वर जा की मुख्य नदीच्या पुराचं पाणी उलटं शिरून टाकलेला गाळ तिथे पोचत नसेल. काठावरच्या पुराच्या खुणा पाहून हे ठरवता येतं. ओढ्यावर काम खालून वर करत जा, म्हणजे तुम्ही ढवळलेला गाळ पुढच्या नमुन्यात वाहून येणार नाही. आणि सगळी मोहीम शक्यतो एकाच ऋतूत संपवा. मोठा पूर पात्रातलं जाड सोनं नव्याने मांडून जातो, त्याआधीचे आणि नंतरचे पॅनचे आकडे एका नकाशावर ठेवणं धोक्याचं.

अंगठी, साखळी, कडं काढून ठेवा, गाळात हात घालणाऱ्या प्रत्येकाने. पीपीबीच्या पातळीवर अंगठीवरून निघालेला एक सूक्ष्म कीस पुरतो. पितळी चाळणी, जस्ताचा मुलामा दिलेली बादली, रंग उडालेलं फावडं यांनी तांबं, जस्त आणि शिशाचे आकडे बिघडतात. प्लास्टिक, नायलॉन किंवा स्टेनलेस स्टील वापरा. जुनी खाणकामं, सोनं धुण्याच्या जागा, रस्त्याची खडी, वस्तीचं सांडपाणी यांच्या वर नमुना घ्या, आणि ते शक्य नसेल तर नोंदवहीत ठळक लिहा. पाऱ्याने सोनं काढण्याचं काम कधीकाळी झालेलं असेल तर पॅनमध्ये चांदीसारखे पांढरट सोन्याचे कण दिसतात. तिथे पारा हा वाटाड्या मूलद्रव्य (सोन्याच्या सोबतीने आढळून त्याचा माग दाखवणारं मूलद्रव्य) म्हणून वापरू नका.

बाकी वाटाडी मूलद्रव्यं सोन्यापेक्षा जास्त विश्वासू असतात, कारण ती कणांच्या लहरीवर अवलंबून नसतात. आर्सेनिक, अँटिमनी, बिस्मथ, टेल्युरियम, टंगस्टन, कधी तांबं-शिसं-जस्त. त्यांच्यासाठी ८० मेशखालच्या गाळाचं बहुमूलद्रव्यी विश्लेषण पुरतं. लोह आणि मँगनीजचे आकडे सोबत बघा. या दोघांच्या ऑक्साइडचे थर आर्सेनिकसारखी मूलद्रव्यं पाण्यातून ओढून घेतात आणि शीर नसताना शीर असल्याचा भास करून देतात.

गुणवत्तेच्या तपासणीत एक गोष्ट सगळ्यात मोलाची. साधारण प्रत्येक वीस जागांमागे एका जागी पूर्ण वेगळा दुसरा नमुना घ्या, त्याच पट्ट्यातल्या वेगळ्या खड्ड्यांतून. शिवाय प्रमाणित नमुने (सोन्याचं प्रमाण आधीच माहीत असलेले) आणि कोरे नमुने (सोनं नसलेले) ओळख लपवून पाठवा. प्रयोगशाळा स्वतःच्या पुनर्तपासण्या दाखवते तेव्हा ती फक्त आपल्या बाटलीतल्या गाळाबद्दल बोलते. ओढ्याच्या काठावर पडलेला फरक फक्त तुमच्या दुहेरी नमुन्यांतूनच कळतो, आणि सोन्यात बहुतेक वेळा तोच सगळ्यात मोठा असतो. एका जागेच्या दोन नमुन्यांतला फरक दोन ओढ्यांमधल्या फरकाएवढाच निघत असेल तर नकाशा रंगवायला बसू नका, नमुना मोठा करा किंवा चाळणी बारीक करा.

निकाल आले की सरासरी अधिक दोन प्रमाण विचलन असा एकच उंबरठा सगळ्या क्षेत्राला लावण्याची सवय सोडा. दोन-तीन जाड कण सरासरी आणि विचलन दोन्ही फुगवतात आणि खऱ्या मध्यम अ‍ॅनॉमली त्याखाली दडपल्या जातात. मध्यक वापरा, आकडे लॉगमध्ये मांडा, खडकाच्या प्रकाराप्रमाणे गट करा. आणि ठिपक्यांऐवजी पाणलोट रंगवा. गाळाचा नमुना त्याच्या वरच्या सगळ्या जमिनीचा प्रतिनिधी असतो, तो जिथे उचलला त्या बिंदूचा नाही. मी पाणलोटांची क्रमवारी लावताना पार्श्वमूल्याच्या वरचं प्रमाण क्षेत्रफळाने गुणून घेतो. १२ चौरस किलोमीटरच्या पाणलोटातलं ५ पीपीबी हे १ चौरस किलोमीटरच्या पाणलोटातल्या १५ पीपीबीपेक्षा डोंगरावर जास्त सोनं असल्याचं सांगत असू शकतं.

तुमच्या त्या जुन्या जागेचं काय करायचं, तर ती सोडू नका. तिथे १०० मायक्रॉनचं सोनं असल्याचा तो पुरावा आहे, आणि कोऱ्या ओढ्यात असा कण क्वचितच सापडतो. दोन-तीन किलो बारीक गाळाचं बीएलईजी करा आणि सापळ्यातून घेतलेल्या खडीचं पॅनिंग करा. दोन्हींत काहीच आलं नाही, वाटाडी मूलद्रव्यंही शांत असली, तरच यादीतून खाली उतरवा.

पुढच्या टप्प्यात ओढ्याने वर चढा आणि प्रत्येक फाट्यावर दोन्ही शाखांत पॅन लावा. ज्या शाखेत सोनं येतं ती धरा. एका ठिकाणी पॅनमधलं सोनं अचानक तुटतं. त्या तुटण्याच्या रेषेच्या खालच्या अंगाला, दोन्ही उतारांवर, ओढ्यातले सुटे दगड बघा. क्वार्ट्झ शिरेचे, गंजलेल्या सल्फाइडच्या पोकळ्यांचे, रूपांतरित खडकाचे तुकडे फोडून बघा आणि त्यांचेही नमुने पाठवा. मग दोन्ही बाजूंच्या धारांवर (डोंगरमाथ्याच्या रेषांवर) आणि सोंडांवर ५० मीटरच्या अंतराने मातीचे नमुने घ्या. धारेवर वरून घसरून आलेली माती नसते, म्हणून तिथला आकडा खालच्या खडकाशी प्रामाणिक असतो. धारेवरच्या मातीत काहीच नाही आणि ओढ्यात मात्र गोल, गुळगुळीत कणांचं सोनं भरपूर, असं झालं तर काठांवर चढून जुन्या नदीच्या खडीचे थर किंवा पिंडाश्म (खडी घट्ट होऊन बनलेला खडक) शोधा. सोनं तिथून दुसऱ्यांदा धुतलं जात असेल, तर त्याच्या मूळ शिरेचा सध्याच्या डोंगराशी संबंध नसेलही, आणि खोदाईचं यंत्र धारेवर चढवण्याआधी हे कळलेलं बरं.